निवारा केंद्रातून माणूस पुन्हा स्वतःच्या घरात जावा, यासाठी केंद्रात काय बदलायला हवं?

निशिगंध

नमस्कार मंडळी. बेघरांच्या एका निवारा केंद्रात मी सहा वर्षं काम करते आहे. पहिली दोन वर्षं रात्रपाळीला होते, आता दिवसा असते. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, कारण एक गोष्ट अजून सलते.

रात्रपाळीला असताना आमच्याकडे तिशीतला एक माणूस आला. आठवडाभरात त्याने एका गोदामात माल उतरवायचं काम मिळवलं. पाळी रात्री आठ ते पहाटे पाच. आमची हजेरी रात्री साडेआठला, आणि सकाळी सातला सगळ्यांनी हॉल रिकामा करायचा. म्हणजे कामावर गेला की हजेरी बुडणार, आणि कामावरून आल्यावर पाठ टेकायला जागा नाही. सलग तीन गैरहजेऱ्या झाल्या की खाट दुसऱ्याला, असा नियम. पहिल्या दोन रात्री मी रजिस्टरमध्ये 'गैरहजर' लिहिलं. तिसऱ्या रात्रीही मीच लिहिलं. नियमाप्रमाणे लिहिलं, पण हात माझा होता.

तो चार-पाच दिवस बागेतल्या बाकावर झोपून कामाला जात राहिला. मग एका पहाटे खोकं उचलताना पडला आणि काम सुटलं. परत आला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "माझी पिशवी ठेवलीय का?" पिशवी नव्हती. खाट दुसऱ्याला दिली की खाटेखालचं सामानही हलवलं जायचं. त्या पिशवीत त्याचं ओळखपत्र होतं. ते परत काढायला किती हेलपाटे घालावे लागतात, आणि राहण्याचा पत्ता नसेल तर कुठे गाडी अडते, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको.

ज्याला काम लागलं, त्याचीच खाट आम्ही काढून घेतली. तेव्हापासून मला वाटतं की आपण निवाऱ्याचं काम भलत्याच आकड्याने मोजतो. खाटा किती आणि भरल्या किती, हे दर महिन्याच्या अहवालात जातं. इथून गेलेला माणूस कुठे गेला आणि सहा महिन्यांनी तिथेच आहे का, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे माणूस रात्री आत आला की आमचं काम संपतं, त्याचं मात्र तिथून सुरू व्हायला हवं असतं.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे नियमांचा फेरविचार होणार आहे आणि सूचना मागवल्या आहेत. तुमच्यापैकी कुणी निवाऱ्यात काम केलंय, राहिलंय किंवा या विषयाचा अभ्यास केलाय, त्यांनी कृपया मोकळेपणी लिहा.

साधासरळ

धागा चांगला आहे आणि त्या माणसाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण दुसरी बाजूही मांडतो. मी एका रात्रनिवाऱ्यात तीन वर्षं व्यवस्थापक होतो. एका हॉलमध्ये साठ माणसं. कुणीही कधीही या म्हटलं तर पहाटे तीनला दार वाजतं, साठच्या साठ जागे होतात, त्यातल्या दहा जणांना सहाला उठून कामाला जायचं असतं. वेळेचा नियम त्यांच्यासाठीच केलेला असतो. पिऊन आलेल्याला आत घेतलं आणि मारामारी झाली, तर जबाबदारी व्यवस्थापकाची.

दुसरं असं की निवारा फार सोयीचा केला तर माणसं तिथेच रुळतात. हे बोलायला कठोर वाटतं, पण आमच्याकडे सहा-सहा वर्षं राहिलेली माणसं होती.

वॉर्ड_नंबर_सात

साधासरळ, रुळण्याबद्दल आकडे उपलब्ध आहेत, ते इथे ठेवते. (मी मानसोपचार विभागात परिचारिका आहे. आमच्याकडून डिस्चार्ज झालेले कितीतरी लोक थेट निवाऱ्यात जातात, म्हणून या विषयात शिरले.)

डेनिस कल्हेन आणि रँडल कून यांनी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या निवाऱ्यांच्या नोंदी तपासून १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. निवाऱ्यात येणाऱ्यांपैकी साधारण ८० टक्के लोक एकदाच, थोड्या दिवसांसाठी येतात आणि निघून जातात. साधारण १० टक्के येत-जात राहतात. उरलेले साधारण १० टक्के दीर्घकाळ राहतात. पण निवाऱ्यात घालवलेल्या एकूण दिवसांपैकी जवळपास निम्मे दिवस या शेवटच्या १० टक्क्यांचे असतात.

म्हणजे कुठल्याही एका रात्री हॉलमध्ये नजर फिरवली तर जुनेच चेहरे जास्त दिसतात आणि सगळेच रुळलेत असं वाटतं. वर्षभराचं रजिस्टर उलटलं तर बहुतेक नावं एकदाच येऊन गेलेली असतात. आणि जे राहतात ते सोयीमुळे राहतात असं मला माझ्या अनुभवातून वाटत नाही. आमच्या वॉर्डातून गेलेल्यांबद्दल सांगते: गोळ्यांनी येणारी गुंगी, कागदपत्रं नाहीत, घरच्यांशी संबंध तुटलेले, आणि एकट्याने खोली शोधायची म्हणजे दहा अनोळखी माणसांशी बोलायचं. या माणसाला गादी कमी जाड दिली म्हणून तो बाहेर पडणार नाही.

मुक्काम_पोस्ट

मी निवाऱ्यात चौदा महिने राहिलेलो आहे. इथे लिहू की नको, दोन दिवस विचार करत होतो.

साधासरळ, तुमच्याबद्दल राग नाही. आमचे व्यवस्थापकही भले होते. पण आतून कसं असतं ते सांगतो.

झोपताना बूट उशीखाली ठेवायचे. पिशवीचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन बांधायचा, म्हणजे कुणी ओढली तर जाग येते. खरं तर कुणी ओढत नसतानाही दर तासाला जाग येतेच. मोबाइल चार्ज करायला सगळ्या हॉलमध्ये दोन सॉकेट. मोबाइल लावायचा आणि त्याच्याशेजारी उभं राहायचं. कामासाठी फोन येणार असेल त्या दिवशी मी आंघोळ करायचो नाही, कारण आंघोळीची रांग आणि चार्जिंगची रांग एकाच वेळी असायची. दोन्हीपैकी एक.

सकाळी सातला बाहेर. संध्याकाळी सहापासून रांगेत, कारण आत जागा मिळेलच याची खात्री नाही. मग काम शोधायला दुपारी चारपर्यंतचाच वेळ. मुलाखतीला कुणी संध्याकाळची वेळ दिली की मी सांगायचो, "सकाळी जमेल का?" कारण काय सांगणार?

चौदा महिन्यांत माझ्यासाठी कुणीतरी सगळं ठरवत होतं. कधी उठायचं, कधी खायचं, दिवा कधी बंद. आधी याचा त्रास व्हायचा. मग त्रास व्हायचा थांबला, आणि ते जास्त वाईट होतं. खोली मिळाली तेव्हा पहिल्या रात्री मला दिवा बंद करायचं सुचलंच नाही. कुणीतरी करेल असं वाटून पडून राहिलो होतो.

निशिगंध

मुक्काम_पोस्ट, तुम्ही लिहिलंत म्हणून मनापासून आभार. चार्जिंगच्या रांगेबद्दल सहा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. उद्याच आमच्या हॉलमधले सॉकेट मोजते.

एक विचारायचं आहे, जमलं तर सांगा. खोली मिळाल्यावर पुढे काय झालं? केंद्राकडून कुणी संपर्कात होतं का?

रानवारा

सामान सुरक्षित ठेवण्याचा विषय निघालाच आहे तर ही माहिती देतो. १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट हेज या तरुण वकिलाने बेघर पुरुषांच्या वतीने दावा लावला, त्यात मुख्य वादी रॉबर्ट कॅलहन. १९८१ मध्ये संमतीने हुकूमनामा झाला आणि शहरावर निवारा देण्याचं कायदेशीर बंधन आलं. कॅलहन त्याआधीच रस्त्यावर वारले होते. त्या हुकूमनाम्यात बारीकसारीक गोष्टी लिहिलेल्या आहेत: खाट किमान ३० इंच रुंद, प्रत्येकाला कुलूप लावता येईल असा कप्पा, सहा जणांमागे एक शौचालय, दहा जणांमागे एक शॉवर.

मला हे वाचताना जाणवलं की कुलपाच्या कप्प्याला त्यांनी खाटेच्या बरोबरीने बसवलं होतं. बरोबरच होतं. कागद सुरक्षित राहिले तरच माणूस त्यांच्या जोरावर काही मागू शकतो.

साधासरळ यांच्या वेळेच्या मुद्द्यावर: सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०१५ साली नॅव्हिगेशन सेंटर नावाचा वेगळ्या धर्तीचा निवारा सुरू झाला. तिथे चोवीस तास जा-ये करता येते, जोडीदार, पाळीव प्राणी आणि सगळं सामान बरोबर आणता येतं. जे लोक वर्षानुवर्षं निवाऱ्यात यायला तयार नव्हते त्यांच्याशी बोलल्यावर जोडीदार, प्राणी आणि सामान हीच तीन कारणं पुढे आली होती. कुत्रा बाहेर सोडून आत या म्हटलं की माणूस बाहेरच राहतो.

साधासरळ

साठ जणांच्या एका हॉलमध्ये हे कसं करायचं? प्रश्न खरंच विचारतोय.

निशिगंध

एका हॉलमध्ये नाहीच करता येणार. भिंत घालावी लागेल, निदान पार्टिशन. आठ-दहा खाटांचे भाग केले तर उशिरा येणाऱ्यांचा भाग दाराजवळ ठेवता येतो. तुमचा पहाटे तीनचा मुद्दा खरा आहे. माझं म्हणणं एवढंच की त्यावर उपाय म्हणून दार बंद करण्याऐवजी जागा विभागायला हवी होती. आम्ही स्वस्तातला उपाय केला आणि त्याला शिस्त म्हटलं.

मुक्काम_पोस्ट

निशिगंध, पुढचं सांगतो.

खोली मिळाली, किल्ली हातात आली. केंद्राच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे 'गेला' लिहून झालं असेल. पहिला महिना मी जमिनीवर, दाराला पाठ लावून झोपलो. शांततेची सवय गेली होती. जेवण एकट्याने करायचं जिवावर यायचं, म्हणून दोनदा केंद्राच्या जेवणाच्या वेळेला तिथे जाऊन बाहेर उभा राहिलो. आत जाता येत नव्हतं, मी आता तिथला नव्हतो.

तिसऱ्या महिन्यात घरमालकाची एक नोटीस आली. इमारतीच्या कुठल्याशा दुरुस्तीबद्दल होती, पण मला वाटलं खोली खाली करायला सांगतायत. मी सामान भरायला घेतलं. पळून जाणार होतो, भाडं थकलेलं नसताना. त्याच दिवशी केंद्रातल्या एका कार्यकर्तीचा सहज फोन आला, "कसे आहात?" म्हणून. तिला नोटीस वाचून दाखवली. ती म्हणाली, "अहो, हे गळतीबद्दल आहे. मंगळवारी प्लंबर येणार, घरी थांबा म्हणतायत." त्या एका फोनमुळे मी आज त्याच खोलीत आहे, चार वर्षं झाली. तो फोन तिच्या कामात धरलेला नव्हता, तिने स्वतःहून केला होता.

वॉर्ड_नंबर_सात

मुक्काम_पोस्ट, अंगावर काटा आला. तुम्ही जे सांगितलंत त्यावर नेमका एक प्रयोग झालेला आहे, म्हणून लगेच लिहितेय.

न्यूयॉर्कच्या फोर्ट वॉशिंग्टन आर्मरी या पुरुषांच्या निवाऱ्यात एझ्रा सुसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला, निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. गंभीर मानसिक आजार असलेले ९६ पुरुष निवाऱ्यातून राहत्या जागेत जाणार होते. निम्म्यांना नेहमीची सेवा. निम्म्यांना नऊ महिन्यांची सोबत: जो कार्यकर्ता निवाऱ्यात ओळखीचा होता, तोच बाहेर गेल्यावरही भेटत राहिला. पहिले तीन महिने घरी जाणं, घरमालकाशी, दवाखान्याशी, नातेवाइकांशी ओळख करून देणं. पुढचे तीन महिने थोडं मागे सरून ही माणसं खरंच धरून ठेवतायत का ते पाहणं. शेवटचे तीन महिने हळूहळू निरोप घेणं, ठरवून, सांगून. दीड वर्षात साध्या सेवेतल्या माणसांच्या सरासरी ९१ रात्री बेघरपणात गेल्या. सोबत मिळालेल्यांच्या ३०.

लक्षात घ्या, घर दोन्ही गटांना मिळालं होतं. दारापर्यंत पोचवून हात सोडला की दाराच्या आत थोडं जाऊन मग सोडला, फरक एवढाच.

हिशोबी

मी संस्थांचे हिशोब तपासतो, त्यामुळे कोरडा प्रश्न विचारतो. हे सगळं पटतंय, पण पैसे खाटेमागे मिळतात. माणूस बाहेर गेला की त्याच्यासाठी अनुदान बंद. मग नऊ महिने त्याच्याकडे जाणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार कोणत्या खात्यातून? मी पाहिलेल्या बहुतेक संस्थांत अडचण इच्छेची नव्हती, या एका ओळीची होती.

आणि यातून एक वाईट गोष्ट आपोआप होते. खाट रिकामी राहिली तर पैसे कमी येतात, म्हणून माणूस लवकर बाहेर पडावा यात संस्थेचा तोटाच असतो. कुणी मुद्दाम कुणाला अडवत नाही. पण घाईही कुणाला नसते.

देणाऱ्याशी करार करतानाच 'पाठपुरावा' हे वेगळं शीर्षक घालून घ्या. नंतर घालता येत नाही.

रानवारा

हिशोबींचा मुद्दा फिनलंडने मुळापासून सोडवला. २००८ साली त्यांच्या सरकारने ठरवलं की दीर्घकाळ बेघर असलेल्यांना आधी घर द्यायचं, बाकी सगळं नंतर. या विचाराची सुरुवात १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने केली होती. फिनलंडचं वेगळेपण असं की त्यांनी नव्या योजनेच्या बाजूला जुने निवारे तसेच चालू ठेवले नाहीत, निवाऱ्यांचीच घरं केली. हेलसिंकीत साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचा एक मोठा निवारा होता, त्याच इमारतीत ८१ स्वतंत्र सदनिका काढल्या. राहणाऱ्याच्या नावाने भाडेकरार, स्वतःची किल्ली, भाडं त्याने भरायचं, कमी पडलं तर सरकारी भत्ता. मदत करणारी माणसं त्याच इमारतीत. हेलसिंकीतल्या निवाऱ्यांच्या खाटा २००८ साली ५५८ होत्या, २०१६ पर्यंत ५२ राहिल्या.

मला यातला भाडेकराराचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निवाऱ्यात राहणारा हा आलेला माणूस असतो, त्याला कधीही जा म्हणता येतं. भाडेकरू झाला की त्याला घालवायला कायद्याने कारण लागतं. पाहुणा आणि भाडेकरू यांच्या बसण्या-उठण्यातही फरक पडतो.

साधासरळ

वाचतोय आणि काही गोष्टी मान्य करतो. पार्टिशनचा विचार आम्ही कधी केला नाही हे खरं.

पण रानवारा, जो माणूस रोज पितो त्याच्या हातात किल्ली दिली तर तो घर टिकवेल? आमच्याकडे अट होती, तीन महिने दारू सोडून दाखव, मग पुढच्या जागेसाठी नाव पाठवू. मला ती अट आजही चूक वाटत नाही.

वॉर्ड_नंबर_सात

साधासरळ, तुमच्या अटीमागची काळजी समजते. पण मी रोज बघते म्हणून सांगते: साठ माणसांच्या हॉलमध्ये, मनगटाला पट्टा बांधून, दर तासाला जागं होत दारू सोडायची ही अपेक्षा सगळ्या सोयी असलेल्या माणसाकडूनही आपण करत नाही.

कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून जास्त बेघर, मानसिक आजार असलेल्या लोकांवर मोठी चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला व्यसन सोडण्याची अट न घालता घर आणि मदत, दुसऱ्याला तिथे नेहमी मिळणाऱ्या सेवा. पहिल्या गटाने त्या काळातला सरासरी ७३ टक्के वेळ स्थिर, राहत्या घरात काढला, दुसऱ्याने ३२ टक्के. व्यसनाच्या बाबतीत दोन गटांत फारसा फरक दिसला नाही.

या शेवटच्या वाक्यातून दोन गोष्टी निघतात. घर मिळालं म्हणून दारू आपोआप सुटत नाही, त्यासाठी वेगळे उपचार लागतातच. आणि दारू सुटली नाही म्हणून घर टिकत नाही, हेही खरं नाही. आपण या दोन गोष्टी एकमेकींना बांधून ठेवल्या आहेत, त्या सोडवायला हव्यात.

साधासरळ

७३ आणि ३२. ठीक. याच्यावर मला विचार करावा लागेल. आमच्या त्या अटीमुळे किती जणांची नावं पुढे गेलीच नाहीत, ते आता आठवायला लागलंय.

चांदणवेल

सगळी चर्चा एकट्या पुरुषांभोवती फिरतेय म्हणून लिहिते. मी बायका आणि मुलांच्या निवाऱ्यात काम करते.

आमच्याकडे एक बाई तीन मुलं घेऊन आली. मोठा मुलगा पंधरा वर्षांचा. बायकांच्या निवाऱ्यात एका वयापुढचे मुलगे नाहीत, हा नियम. आणि पुरुषांच्या निवाऱ्यात एकटं अल्पवयीन मूल घेत नाहीत. त्या पोराने आईला सांगितलं, "तू या दोघांना घेऊन आत जा, मी मित्राकडे झोपतो." मित्र-बित्र कुणी नव्हता. आमच्याच फाटकाबाहेर बसून होता. सकाळी झाडायला आलेल्या बाईने सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. आता आम्ही दोन खोल्यांना बाहेरून स्वतंत्र दार काढून घेतलंय, अशा कुटुंबांसाठी. फक्त दोन खोल्या आहेत, पण आहेत.

अमेरिकेत १२ ठिकाणी २,२८२ बेघर कुटुंबांवर अभ्यास झाला. निवाऱ्यातल्या काही कुटुंबांना दीर्घ मुदतीची भाड्याची मदत दिली, काहींना ठराविक काळ राहायची संस्थेची जागा आणि तिथे भरपूर सेवा, काहींना नेहमीचंच. भाड्याची मदत मिळालेल्यांमध्ये पुन्हा बेघर होण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. शिवाय मुलं आईपासून दूर जाण्याचं आणि घरातल्या मारहाणीचंही प्रमाण घटलं. सेवांनी भरलेल्या तात्पुरत्या जागेचा तसा ठळक फायदा दिसला नाही. मी स्वतः समुपदेशक आहे, मला हे वाचून जरा लागलं. पण त्या आईला माझ्या समुपदेशनापेक्षा चौघांना एका दाराआड झोपता येणं जास्त गरजेचं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि कृपया प्रत्येक निवाऱ्यात मुलांना अभ्यासाला एक टेबल द्या, दिवा असलेलं. पलंगावर पोटावर पडून गृहपाठ करणारी मुलं बघवत नाहीत.

हिशोबी

कामाबद्दल कुणी फार लिहिलं नाही. मी पाहिलेल्या निवाऱ्यांत 'कौशल्य प्रशिक्षण' या शीर्षकाखाली बराच खर्च दिसतो. शिवण, मेणबत्त्या, संगणक. प्रमाणपत्रांचे फोटो असतात, पुढे किती जणांना काम लागलं याची नोंद नसते. याला काही पर्याय आहे का?

वॉर्ड_नंबर_सात

आहे. मानसिक आजार असलेल्यांसाठी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९० च्या सुमारास एक पद्धत बसवली. नेहमीचा क्रम त्यांनी उलटा केला. आधी माणसाला हवं असलेलं खरं, पगारी काम शोधून द्यायचं, आणि मग त्या कामावर टिकायला जे शिकायचं ते काम करता करता. कार्यकर्ता मालकांना भेटतो, पहिल्या दिवशी सोबत जातो, अडचण आली की दोघांशी बोलतो. अनेक देशांत यावर चाचण्या झाल्या आहेत आणि आधी प्रशिक्षण देण्यापेक्षा ही पद्धत सरस ठरली आहे.

निशिगंधच्या त्या गोदामातल्या माणसाचंच बघा ना. त्याला प्रशिक्षणाची गरजच नव्हती. काम त्याने स्वतः मिळवलं होतं. त्याला दिवसा झोपायला अंधारी खोली हवी होती.

रानवारा

थेट पैसे देण्याचाही एक प्रयोग आहे. व्हँकूव्हरमध्ये ५० बेघर लोकांना प्रत्येकी ७,५०० कॅनेडियन डॉलर एकरकमी दिले, कशावर खर्च करायचे ते त्यांनी ठरवायचं. वर्षभरात, पैसे न मिळालेल्यांच्या तुलनेत, बेघरपणात गेलेले त्यांचे दिवस सरासरी ९९ ने कमी होते. दारू-सिगारेटवरचा खर्च वाढला नाही. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. तीव्र व्यसन किंवा गंभीर मानसिक आजार असलेले लोक यात घेतले नव्हते, त्यामुळे सगळ्यांना लागू करता येणार नाही. पण कल्हेन यांच्या त्या ८० टक्क्यांसाठी कितीदा तरी अडचण अनामत रकमेचीच असते. महिन्याचं भाडं भरता येतं, सुरुवातीची रक्कम एकदम उभी राहत नाही.

मुक्काम_पोस्ट

अनामतीबद्दल अगदी बरोबर. मला चौदापैकी निदान आठ महिने त्यापायी लागले. हॉलमध्ये झोपणाऱ्या माणसाने रोख रक्कम साठवायची कुठे, हा वेगळाच प्रश्न. मी बुटाच्या आत, सुखतळ्याखाली ठेवायचो. एकदा पावसात भिजली.

राहणाऱ्यांची समिती करावी असं बरेच जण सुचवतात. करा, पण तिच्या हातात काहीतरी खरं द्या. आमच्याकडे समिती होती. महिन्यातून एकदा बसायची, आम्ही सूचना सांगायचो, त्या लिहून घेतल्या जायच्या. दिवा किती वाजता बंद करायचा एवढं जरी आम्हाला ठरवू दिलं असतं तरी चाललं असतं. आणि झाडू-भांड्यांच्या पाळ्या लावल्या म्हणजे माणूस स्वावलंबी होतो असं कृपया समजू नका. भांडी घासता सगळ्यांनाच येतात. मी काय विसरलो होतो तर, दुकानात जाऊन स्वतःसाठी काय घ्यायचं ते ठरवणं.

अजून एक. निवाऱ्यात राहून गेलेल्या माणसांना कामावर घ्या, पगार देऊन. नवीन माणूस पहिल्या रात्री कुणाशी बोलत नाही. मी बूट उशीखाली ठेवताना शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं, "टाचा बाहेरच्या बाजूला ठेव, कानाला लागत नाहीत." त्या रात्री पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी माणसासारखं बोललं.

निशिगंध

सगळ्यांचे प्रतिसाद उतरवून घेतले आहेत. मधल्या दोन आठवड्यांत काय झालं ते सांगते.

हॉलमध्ये सॉकेट तीन निघाले, अठ्ठेचाळीस माणसांना. आता प्रत्येक दोन खाटांमध्ये एक बसवायला मंजुरी मिळाली आहे. जुनं सामान भरून ठेवायची एक खोली होती, ती रिकामी करून त्यात सहा खाटा टाकल्या आणि जाड काळे पडदे लावले. रात्रपाळीवाल्यांसाठी. त्यांची हजेरी सकाळी, कामावरून आल्यावर. तीन गैरहजेऱ्यांचा नियम अजून आहे, पण आता खाट दुसऱ्याला देण्याआधी फोन करायचा आणि सामान सीलबंद करून तीस दिवस ठेवायचं असं ठरलंय. कुलपाच्या कप्प्यांना पैसे मिळाले नाहीत, पुढच्या वेळी पुन्हा मागणार. पार्टिशनचा निर्णय पुढे ढकलला. दारू सोडण्याच्या अटीवर खूप वाद झाला, बैठक तिथेच थांबली. साधासरळ, तुम्ही जे लिहिलंत ते मी तिथे वाचून दाखवलं, तुमच्या संमतीशिवाय, पण नाव न सांगता. चालेल ना?

हिशोबींच्या सांगण्याप्रमाणे नव्या प्रस्तावात पाठपुराव्याचं वेगळं शीर्षक घातलंय. तोवर मी माझ्यापुरतं एक केलंय. रजिस्टरमध्ये 'गेला'च्या पुढे पेनाने तीन रकाने आखले: एक महिना, तीन महिने, नऊ महिने. मागच्या वर्षी गेलेल्यांपैकी ज्यांचे नंबर होते अशा एकतीस जणांना फोन लावले. एकोणीस लागले. अकरा जण आपापल्या जागी आहेत. चौघांनी सांगितलं की जागा सुटायच्या बेतात आहे, त्यातल्या दोघांना नुसता घरमालकाशी बोलायला कुणीतरी हवं होतं. बाकीचे चौघे पुन्हा रस्त्यावर. गोदामातल्या त्या माणसाचा नंबर माझ्याकडे नाही.

साधासरळ

चालेल. नाव सांगितलं असतंत तरी चाललं असतं.

मुक्काम_पोस्ट

निशिगंध, घरमालकाशी बोलायला माणूस हवा असेल तर मी येऊ शकतो. रविवारी सुट्टी असते. नोटीस आली की काय वाटतं ते मला माहीत आहे, आणि आता त्या वाचताही येतात.

निशिगंध

या. त्या दोघांपैकी एकाला रविवारी दुपारी चारला भेटायचं ठरलंय. तुम्हाला पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवते. येण्या-जाण्याचा खर्च आणि मानधन दोन्ही लावून घेतेय, नाही म्हणू नका.